पर्समधला पंप

(वास्कोकडच्या एका ताईंचं पत्र आहे. ओळख पटेल असं सगळं काढून थोडक्यात देतेय.)

"मी चौतीस वर्षांची. माहेर नगर जिल्ह्यातलं, तीन पिढ्या ख्रिस्ती. मिस्टरांची नोकरी वेर्ण्याला म्हणून नऊ वर्षांपूर्वी गोव्यात आलो. मराठीत उपासना कुठे असते तेच कळेना, मग एका फ्लॅटच्या हॉलमध्ये जमणारी मंडळी मिळाली आणि तीच आमची नातेवाईक झाली. माझ्या बाळंतपणात चाळीस दिवस डबा त्यांनी पुरवला. मुलगा आता सात वर्षांचा आहे, तीन वर्षांपासून त्याला दमा आहे. डॉक्टरांनी दोन पंप दिलेत, एक रोजचा आणि एक धाप लागली तर घ्यायचा. या उन्हाळ्यात आमच्याकडे एकवीस दिवसांची उपास-प्रार्थना झाली. शेवटच्या दिवशी मंडळी चालवणारे ब्रदर म्हणाले, देवाने मला दाखवलं की हा मुलगा बरा झालाय, आता तुम्ही आज्ञापालन दाखवा, पंप बंद करा. अब्राहाम मुलगा द्यायला तयार झाला, तुम्हाला साधा पंप देववत नाही? मुलगा बरा झालाय अशी मिस्टरांनी तिथेच उभं राहून साक्ष दिली. सोळा दिवस काही झालं नाही. सतराव्या रात्री खोकला सुरू झाला, मी मुलाला बाथरूममध्ये नेलं, नळ सोडला आणि पंप दिला. तेव्हापासून तो पंप माझ्या पर्समध्ये रुमालात गुंडाळलेला असतो. देव सर्वसमर्थ आहे हे मी मनापासून मानते. मग मी हे काय करतेय? देवाची आज्ञा मोडतेय, नवऱ्याला फसवतेय, आणि उद्या मुलाला काही झालं तर ती माझ्या अर्ध्या विश्वासाची शिक्षा असेल का? त्या रात्री पंप घेतल्यावर मुलगा हळूच म्हणाला, मम्मी, देवाला कळणार नाही ना?"

तुला तू म्हणते हं, माझी धाकटी तुझ्याच वयाची आहे.

पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा शेवटच्या ओळीला अडकले. त्या ओळीकडे येते, पण आधी जे थांबू शकत नाही ते. ज्या डॉक्टरांनी पंप दिले त्यांना आजच फोन कर, उद्या नको, आणि खरं सांग की रोजचा पंप इतके दिवस बंद होता, मग ते सांगतील तसा परत चालू कर. ते रागावतील कदाचित, रागावू देत. दमा असा आजार आहे की मधले दिवस मूल अगदी ठणठणीत दिसतं, धावतं, खेळतं, पण आत श्वासनलिकांची सूज हळूहळू परत जमत असते. रोजच्या पंपाचं काम ती सूज दाबून धरायचं, आणि तो बंद केला की त्याचा परिणाम त्याच दिवशी जात नाही, काही दिवस, कधी काही आठवडेही टिकतो. म्हणजे ते सोळा दिवस बरे गेले ते चमत्काराने की आधीच्या औषधाच्या शिल्लक जोरावर, हे तिथे हॉलमध्ये बसून कुणालाच सांगता येणार नाही, ब्रदरना पण नाही आणि मला पण नाही. आणि पुढ्यात पावसाळा आहे. आपल्याकडे जुलैत भिंतींना बुरशी धरते, कपाटातल्या चपला हिरव्या होतात, दम्याच्या मुलांना हेच दिवस कठीण. मुलाला बोलताना वाक्य पुरं करता येत नसेल, श्वास घेताना बरगड्यांमधली जागा आत ओढली जात असेल, ओठ निळसर दिसत असतील किंवा लागेल तेव्हाचा पंप देऊनही आराम पडत नसेल तर कुणालाही न विचारता १०८ ला फोन करायचा. नवऱ्याला न विचारता. प्रार्थना अँब्युलन्समध्ये करता येते, मी स्वतः केलीय.

आता देवाचं बोलू.

मी सावंतवाडीकडची कॅथलिक, लग्न होऊन म्हापशाला आले. तुमच्यात पास्टर आणि ब्रदर, आमच्यात फादर आणि बिशप, आणि 'देवाचं ऐक' याच्याआड 'माझं ऐक' हे दोन्हीकडे सारखंच घुसतं, त्यामुळे मी तुमच्या मंडळीकडे वरून बघून बोलतेय असं समजू नकोस. आणि आज्ञापालन हा शब्दही मला टाकाऊ वाटत नाही. गोव्यात राहून तो टाकाऊ म्हणताही येणार नाही. जुन्या गोव्याला ज्यांच्या शवदर्शनाला लोक दहा वर्षं वाट बघतात ते फ्रान्सिस झेवियर इथे आले तेच मुळी आज्ञा म्हणून. खरं म्हणजे भारतात यायचं ठरलं होतं दुसऱ्याचं, निकोलस बोबादिल्ला म्हणून त्यांचे सोबती होते, ते ऐन वेळी आजारी पडले. मग त्यांच्या येशूसंघाचे (जेज्विटांचे) संस्थापक इग्नेशियस, त्यांनी फ्रान्सिसला विचारलं, हा तयार झाला आणि १५४२ च्या मे महिन्यात गोव्याला उतरला. मला यातली गंमत नेहमी बोबादिल्लाची वाटते. तो वेळेत बरा झाला नाही म्हणून झेवियर आले, आणि त्या बिचाऱ्याला कुणी म्हटलं नाही की तुझा विश्वास कमी पडला. त्याच इग्नेशियसने पुढे संघाचे नियम लिहिले, आज्ञापालनावर इतका कडक भर असलेले नियम मला तरी दुसरे माहीत नाहीत, आणि त्यातच म्हटलंय की आजारी पडलेल्याने शरीरासाठी डॉक्टरांचं ऐकावं. शिवाय वरिष्ठांची आज्ञा पटली नाही तर आधी प्रार्थना करून मग त्यांच्यापुढे आपलं म्हणणं मांडायची मुभा त्यांनी ठेवली होती. तुझ्याकडे त्या दिवशी म्हणणं मांडायला जागा होती का? नवरा उभा राहिला, टाळ्या झाल्या, हालेलुया झालं आणि विषय संपला. जिच्या पोटात धडधड चालली होती त्या बाईला कुणी विचारलंच नाही.

अब्राहामाचा दाखला ब्रदरनी दिला. उत्पत्तीचा बावीसावा अध्याय परत काढून बघ. तिथे मुलाचा बळी दे असं देव अब्राहामाला स्वतः सांगतो, शेजारच्या तंबूतला माणूस येऊन सांगत नाही की मला दाखवलंय तू तुझा मुलगा दे. आणि सुरी उचलल्यावर जो आवाज येतो तो 'मुलाला हात लावू नकोस' असं सांगतो. त्या गोष्टीतली शेवटची आज्ञा ही आहे, आपण मात्र नेहमी पहिल्या आज्ञेवर थांबतो, का कोण जाणे. शिवाय हाच अब्राहाम चार अध्याय आधी सदोम शहर वाचावं म्हणून देवाशी घासाघीस करतो, पन्नास नीतिमान असतील तर, पंचेचाळीस असतील तर, असं करत करत दहावर आणतो, म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात करतात तशी. देव त्याच्यावर चिडला असं कुठेही लिहिलेलं नाही.

तुझा खरा प्रश्न मात्र वेगळा आहे. देव सर्वसमर्थ आहे मानते तर मग पंप कशाला? यात एक धरून चाललेली गोष्ट लपलीय, की औषध जितकं कमी तितका देव मोठा. हे कुणी सांगितलं? मत्तयाच्या चौथ्या अध्यायात सैतान येशूला मंदिराच्या टोकावर नेऊन उभा करतो आणि म्हणतो उडी टाक, देवदूत तुला हातावर झेलतील, आणि हे सांगताना तो स्तोत्रातलं वचन म्हणून दाखवतो, एक्याण्णवावं स्तोत्र, तुलाही पाठ असेल. झेलायची ताकद देवाला नव्हती का? होती. येशूला शंका होती का? नव्हती. तरी त्याने उडी टाकली नाही, म्हणाला देवाची परीक्षा पाहू नकोस. तो जिन्याने खाली आला असता तर कुणी अविश्वासी म्हटलं असतं का गं? तुझ्या मुलाचा पंप हा तो जिना आहे. असं बघ, ब्रदरनी 'मुलासाठी प्रार्थना करू या' म्हटलं तिथपर्यंत ते प्रार्थना करत होते. 'आता पंप टाका' म्हटलं तिथे ते टोकावर नेऊन उभं करायला लागले, आणि उभं केलं तेही स्वतःला नाही, सात वर्षांच्या पोराला.

आणि शद्रख, मेशख, अबेदनगो, राजाच्या मूर्तीला नमले नाहीत म्हणून भट्टीत टाकलेले ते तिघे. लहानपणी संडे स्कूलमध्ये फक्त भट्टीचं चित्र रंगवायला देतात, ते राजाला काय बोलले ते कुणी पाठ करून घेत नाही. ते म्हणाले आमचा देव आम्हाला सोडवायला समर्थ आहे, आणि त्याने नाही सोडवलं तरी आम्ही तुझ्या मूर्तीला नमणार नाही. 'नाही सोडवलं तरी' हे शब्द बघ. त्यांच्या विश्वासात देवाला नाही म्हणायची मोकळीक आहे. तुमच्या हॉलमध्ये त्या दिवशी देवाला ती मोकळीक ठेवलीच नाही, त्याच्या वतीने निकाल जाहीर करून टाकला, मग निकाल खोटा ठरू नये याची जबाबदारी तुझ्या डोक्यावर आली. देवाची ताकद सिद्ध करायचं काम आईच्या अंगावर टाकणं हे मला फार वाईट वाटतं, स्पष्टच सांगते.

आता एक गोष्ट सांगते, ती उपासनेत सहसा वाचत नाहीत कारण ती वाचून सगळ्यांची पंचाईत होते. पहिला राजे, तेरावा अध्याय. यहूदातून देवाचा एक माणूस बेथेलला येतो, राजा यराबामाला त्याच्या वेदीसमोर खडसावतो. राजाचा हात वाळतो, हा प्रार्थना करतो, हात बरा होतो. राजा म्हणतो घरी चल, जेव, बक्षीस देतो. हा म्हणतो नाही, देवाने मला सांगितलंय इथे भाकरी खायची नाही, पाणी प्यायचं नाही आणि आल्या वाटेने परत जायचं नाही. निघतो. वाटेत एका झाडाखाली बसलेला असताना बेथेलचा एक म्हातारा संदेष्टा गाढवावरून येतो आणि म्हणतो मीही तुझ्यासारखाच संदेष्टा आहे, देवदूताने मला सांगितलं की तुला घरी आणून जेवू घालावं. बायबल तिथेच स्पष्ट लिहितं की तो खोटं बोलला. पण हा बिचारा विश्वास ठेवतो. जातो, जेवतो, आणि परत निघाल्यावर वाटेत सिंह त्याला मारतो.

मी ही गोष्ट पहिल्यांदा वाचली तेव्हा मला त्या मेलेल्या माणसाचा राग यायचा सोडून देवाचा राग आला होता. फसवलं त्या म्हाताऱ्याने आणि मेला हा? पण नंतर लक्षात आलं, राजाला नाही म्हणण्याइतका तो खंबीर होता, बक्षीस नाकारलं त्याने, पण समोरून 'मीही संदेष्टा, मलाही देवाने सांगितलं' हे शब्द आले की विरघळला. आपलं असंच होतं ना? सरकारी साहेबाला, सासूला, दुकानदाराला आपण नाही म्हणू शकतो, 'देवाने मला दाखवलं' म्हणणाऱ्याला नाही म्हणता येत नाही. आणखी एक बघ, तो म्हातारा काही भोंदू नव्हता, खरोखरचा संदेष्टा होता, त्याच अध्यायात पुढे त्याच्या तोंडून खरा संदेशही येतो. म्हणजे माणूस खरा आणि त्या दिवशीचं बोलणं खोटं असं होऊ शकतं. तुमचे ब्रदर लबाड आहेत असं मी म्हणत नाही. मला ते माहीत नाहीत. ज्यांच्या मंडळीने चाळीस दिवस डबा पोचवला तिथला माणूस बहुतेक मनाने चांगलाच असेल. पण चांगल्या माणसालाही आपल्याच मनातली तळमळ देवाचा आवाज वाटू शकते, म्हणून तर पौलाने थेस्सलनीकाच्या लोकांना लिहिलं की संदेशांचा धिक्कार करू नका, पण सगळ्याची पारख करा. दोन्ही एका दमात लिहिलंय.

पारख कशी करायची ते येशूनेच दाखवलंय आणि तुझ्या घरच्या भांडणावरचा उपाय मला तिथेच दिसतो. कुष्ठरोगी बरा झाला की तो त्याला काय सांगतो? जा, याजकाला दाखव. त्या काळी कातडी तपासून 'हा बरा झाला' असं सांगायचं काम याजकाचं होतं, मोशेच्या नियमशास्त्रात त्याची सगळी पद्धत लिहिलीय. म्हणजे येशूने बरं केलेला माणूससुद्धा तपासणीला पाठवला जातो. खऱ्या बरेपणाला तपासणीची भीती नसते. मग मिस्टरांना असं सांगून बघ, की आपण मुलाला घेऊन डॉक्टरांकडे जाऊ, तुम्ही पण चला, आणि सांगू की आमचा विश्वास आहे तो बरा झालाय, तुम्ही बघा. या वयात फुंकर मारून घ्यायची फुफ्फुसांची टेस्ट बहुतेक मुलांना जमते. दमा ताब्यात आहे असं दिसलं तर डॉक्टर स्वतः पंपाचा डोस कमी करत आणतात, हळूहळू, काही महिने बघत बघत, ही त्यांचीच नेहमीची रीत आहे, बरीच मुलं मोठी होताना त्यातून बाहेरही पडतात. तसं झालं तर मिस्टरांची साक्ष खरी ठरेल आणि रिपोर्टसकट ठरेल. तोपर्यंत पंप चालू. यात त्यांना मागे हटल्यासारखं होत नाही, आणि पुरुषांना ते फार लागतं, हे तुला मी वेगळं सांगायला नको. टेस्टला ते नाहीच म्हणाले तर मात्र तुला कळेल की भीती कशाची आहे, आजाराची की मंडळीत काय वाटेल याची.

ब्रदरही तपासणी नको म्हणतील कदाचित, म्हणतील डॉक्टरकडे जाणं म्हणजेच शंका. त्यांना विचार, लूक कोण होता? पौल त्याला प्रिय वैद्य म्हणतो. तीमथ्याला पोटाच्या तक्रारीसाठी थोडा द्राक्षारस घे म्हणून पौलानेच लिहिलं, नुसती प्रार्थना कर असं लिहिलं नाही. हिज्कीया राजाला देवाने पंधरा वर्षं आयुष्य वाढवून दिलं तेव्हाही यशयाने अंजिरांचं पोटीस गळवावर बांधायला लावलं. आमच्या बायबलात सिराखचं पुस्तक आहे, त्यात तर सरळ म्हटलंय की औषधं देवाने जमिनीतून उगवली आणि शहाणा माणूस ती झिडकारत नाही, पण ते पुस्तक तुमच्या बायबलात नाही, म्हणून वाद घालताना ते काढू नकोस, तो वाद भलतीकडेच जाईल.

तुमच्याकडे पंडिता रमाबाईंचं नाव निघतं का? निघत असणार. केडगावच्या मुक्ती मिशनात १९०५ साली जे आत्मिक जागरण (रिव्हायव्हल) झालं त्याच्या साक्षी अजून सांगतात लोक. मग मंडळीतल्या बायकांना रमाबाईंची दुसरी बाजूही सांग. बाप्तिस्मा होऊन दोन वर्षंही झाली नव्हती, इंग्लंडात त्यांच्याच आधारावर राहत होत्या, आणि त्यांना धर्मात आणणाऱ्या सिस्टर जेराल्डिन म्हणत होत्या की आता चर्च सांगेल ते मान. १८८५ मध्ये रमाबाईंनी त्यांना कळवलं की मी ख्रिस्ताच्या मंडळीतली आहे हे खरं, पण पाद्री किंवा बिशपच्या तोंडून पडणारा प्रत्येक शब्द मानायला मी बांधलेली नाही, मला माझी सदसद्विवेकबुद्धी आहे, आणि एका पुरोहितशाहीच्या जोखडातून आत्ताच सुटलेय, दुसऱ्यात मान घालणार नाही. सत्तावीस वर्षांची विधवा बाई, कडेवर पोर, परक्या देशात. आणि त्या इंग्लंडला गेल्या होत्या डॉक्टर व्हायला, ते जमलं नाही कारण कानाने कमी ऐकू यायचं. ते ऐकू न येणं पुढेही गेलं नाही. केडगावला जागरण झालं तेव्हाही त्या कानाने अधूच होत्या. देवाने त्यांच्याकडून मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून अख्ख्या बायबलचं मराठी भाषांतर करून घेतलं आणि कान मात्र तसेच ठेवले. का ठेवले हे मला माहीत नाही, पण रमाबाईंचा विश्वास अर्धा होता असं तुमच्या हॉलमध्ये कुणी म्हणून दाखवावं.

शिक्षेचं. तू विचारलंस मुलाला काही झालं तर ती माझी शिक्षा का. नाही. योहानाच्या नवव्या अध्यायात शिष्य नेमकं हेच विचारतात, हा जन्मांध, पाप कुणाचं, याचं की आईबापांचं, आणि येशू म्हणतो याचंही नाही, आईबापांचंही नाही. एवढं सरळ उत्तर असताना आपण परत परत तोच प्रश्न का विचारतो? मीही विचारलाय. माझ्या मिस्टरांची डायलिसिस चालू होती तेव्हा प्रार्थनेला आलेल्या एका बाई म्हणाल्या घराण्यात काहीतरी लपलेलं पाप आहे, ते शोधून कबूल करा. आम्ही दोघं खरंच वही घेऊन बसलो. त्यांचे आजोबा, माझी पणजी, कुणी कुणाची जमीन लाटली, कुणी देवचाराला (गावच्या राखणदाराला) नारळ ठेवला, लिहीत गेलो, दीड तास. मग ते म्हणाले पुरे आता, भूक लागली, जेवू या. ते पुढे दोन वर्षांनी गेले. ती वही नंतर रद्दीत घातली मी, पण त्या दीड तासात आम्ही एकमेकांशी दुसरं काहीतरी बोलू शकलो असतो याची चुटपुट अजून आहे. तू तुझी वही उघडूच नकोस.

आणि अर्धा विश्वास म्हणजे अविश्वास, हे तर बायबलातच बसत नाही. मार्कच्या नवव्या अध्यायात आजारी मुलाला घेऊन आलेला बाप येशूला काय म्हणतो? माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका. एका वाक्यात दोन्ही. त्याचा मुलगा बरा झाला. तू बाथरूममध्ये नळ सोडून जे केलंस ते त्या बापाच्या बोलण्याच्या फार जवळचं आहे असं मला वाटतं.

आता नवऱ्याला फसवण्याचं, इथे मी तुला पूर्ण मोकळं सोडणार नाही. पहिल्या शमुवेलात अबीगईल आहे. नवरा नाबाल हट्टाने दाविदाचा अपमान करतो, दावीद चारशे माणसं घेऊन घरावर चालून येतो, आणि अबीगईल नवऱ्याला न सांगता दोनशे भाकऱ्या, द्राक्षारस, पाच मेंढरांचं मटण गाढवांवर लादून दाविदासमोर जाते आणि सगळं घर वाचवते. दावीद तिच्या शहाणपणाला धन्य म्हणतो. नवऱ्याची आज्ञा मोडली म्हणून तिला कुणी दोष देत नाही. म्हणजे त्या रात्री तू केलंस ते बरोबरच. पण अबीगईल परत येऊन काय करते? नाबाल पिऊन पडलेला असतो म्हणून ती रात्री बोलत नाही, सकाळी तो शुद्धीवर आल्यावर सगळं सांगते. (ते ऐकून नाबालाचं काय झालं ते वाचू नकोस, तुझे मिस्टर त्यातले नाहीत.) तर तुझी ती सकाळ आली पाहिजे. डॉक्टरांना फोन झाल्यावर, मुलगा शाळेत गेलेला असताना, रविवारी उपासनेहून आल्या आल्या तर नाहीच, बसवून सांग, की मी पंप देतेय, देत राहणार, आणि लपवून देणं मला जमत नाहीये. ओरडतील. बायकांनो पतीच्या अधीन राहा हे वचन निघेल. त्याच्या आधीची ओळ इफिसकरांसच्या पत्रात आहे, एकमेकांच्या अधीन असा, ती शांतपणे दाखव आणि त्याहून जास्त वचनांची लढाई करू नकोस. त्यांना विचार, सतराव्या रात्री तो खोकत होता तेव्हा तुम्ही जागे होतात का? मला वाटतं जागे होते. नळाचा आवाज एवढा वेळ आणि ते उठले नाहीत, विचारलं नाही, हे मला तुझं पत्र वाचताना फार खटकलं. कदाचित त्यांनाही पंप हवाय, फक्त उभं राहून दिलेली साक्ष आड येतेय. हा माझा अंदाज, चुकीचा असेल.

मात्र ते हात उगारतील किंवा पंप फेकून देतील अशी शक्यता असेल तर एकटीने बोलू नकोस. सासरच्या किंवा माहेरच्या कुणा मोठ्यांना फोनवर घे, नाहीतर डॉक्टरांसमोरच विषय काढ. एक जादा पंप शाळेत वर्गशिक्षिकेकडे ठेव, कधी द्यायचा ते डॉक्टरांकडून कागदावर लिहून घेऊन.

मंडळी सोड असं मी लगेच सांगणार नाही, सांगणं सोपं असतं, मग बाळंतपणाचा डबा द्यायला मी म्हापशाहून वास्कोला येणार आहे का? पण ब्रदरशी एकदा मिस्टरांसोबत बोल आणि एकच गोष्ट विचार, मुलाचं औषध डॉक्टर सांगतील तसं चालेल, हे तुम्हाला चालतं का? हो म्हणाले तर उत्तम, राहा. नाही म्हणाले, किंवा पुढच्या रविवारी नाव न घेता तुझ्यावर संदेश झाला, तर वास्को, मडगाव, पणजीत फिरून दुसरी जागा शोध, मराठी नसली तरी कोकणी-इंग्रजीत जमेल तितके दिवस. मराठीत देवाचं बोलणं गोव्याला काही नवं नाही, राशोलला १६१६ साली फादर स्टीफन्सनी मराठी ओव्यांमधून ख्रिस्ताची कथा छापलीय, तुला इथे परकं वाटायचं कारण नाही. आताच्या मंडळीतल्या दोन-तीन बायका तुझ्या खऱ्या मैत्रिणी असतील, त्यांच्याशी आत्ताच बोलून ठेव. पैज लावते, तुझ्यासारखा पंप, नाहीतर शुगरची गोळी, आणखी कुणाच्या तरी पर्समध्ये निघेल.

आणि मुलगा. त्याने विचारलं देवाला कळणार नाही ना. त्याला आत्ता वाटतंय की देव बाहेर हॉलमध्ये आहे आणि मम्मी आणि तो आत लपलेत. आजपासून बाथरूम बंद. पंप फ्रीजवर किंवा बायबलशेजारी, सगळ्यांना दिसेल असा ठेव, त्याला हॉलमध्ये खुर्चीवर नीट बसव, डॉक्टरांनी स्पेसर (पंपाला लावायची पोकळ नळी) दिला असेल तर तो लावून दे. तुला वाटलं तर आधी दोघांनी मिळून छोटी प्रार्थना करा. आणि त्याला सांग की देवाला कळलंय, त्याच रात्री कळलं होतं. मग रोजचा पंप झाला की चूळ भरायला लाव, नाहीतर तोंड येतं.